बेंचमार्किंग करायचंय? आधी घड्याळ कुठून सुरू होतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या विभागीय कार्यालयात बदली झाल्यावर साहेबांनी तुमच्याकडे बेंचमार्किंगचं, म्हणजे इतरांशी तुलनेचं, काम दिलं. तुम्ही आपली बँक आणि इतर चार बँका यांचे चौदा रेशो एका तक्त्यात मांडले, लाल-हिरवे रंग भरले, रिव्ह्यू मीटिंगमध्ये दाखवले. सगळे ‘छान’ म्हणाले, चहा आला, विषय संपला. तीन महिन्यांनी तोच तक्ता नव्या आकड्यांसह पुन्हा मागितला गेला. यातून ‘सतत सुधारणा’ म्हणतात ती कधी आणि कशी व्हायची, असं तुम्ही विचारलंय.

चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी याच जिल्ह्यात. असे तक्ते मीही केलेत, त्यामुळे हसणार नाही. तुमचं काम अर्ध्यावर थांबलंय, एवढंच. तक्ता सांगतो की आपण मागे आहोत. पुढचा माणूस काय वेगळं करतो, हे तक्त्यात कुठेच नसतं, आणि सुधारणा होते ती त्यातूनच.

आधी एक गोंधळ दूर करतो. हल्ली बँकेत ‘बेंचमार्क’ म्हटलं की लोकांना रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, आठवतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून गृहकर्जासारखी फ्लोटिंग दराची नवी किरकोळ कर्जं बाहेरच्या मापाला जोडायची सक्ती आली, तेव्हापासून हा शब्द व्याजदराला चिकटला. एका प्रशिक्षणात मी तासभर बोलल्यावर एकाने विचारलं होतं, ‘सर, मग यात स्प्रेड किती ठेवायचा?’ स्प्रेड म्हणजे त्या मापावर बँक लावते तो जादा दर. आपण बोलतोय ते वेगळं आहे. आपलं काम दुसऱ्याच्या कामाशेजारी ठेवून बघणं, फरकाचं कारण शोधणं, बदल करणं आणि पुन्हा मोजणं.

आता तुमच्या तक्त्याकडे येऊ. त्यातला कासाचा, म्हणजे एकूण ठेवींत चालू आणि बचत खात्यांचा वाटा किती याचा, रकाना घ्या. नाशिकरोडच्या शाखेत नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेसचे कामगार, रेल्वेचे लोक आणि दोन्हीकडचे पेन्शनर. पगार-पेन्शन महिन्याच्या महिन्याला बचत खात्यात येऊन पडते. अंबडच्या शाखेत लघुउद्योजक. त्यांचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज, चालतं आणि हाताशी पैसा उरलाच तर तो कच्च्या मालात जातो. या दोन शाखांचा कासा शेजारी ठेवून अंबडच्या मॅनेजरला झापणं म्हणजे इगतपुरीच्या पावसावरून येवल्याच्या शेतकऱ्याला झापण्यासारखं आहे. बँकांच्या पातळीवरही हेच घडतं. जुन्या सरकारी बँकेच्या खर्चात पेन्शनचा भार असतो, नव्या खासगी बँकेत तो जवळजवळ नसतो. मग कॉस्ट-टू-इन्कमची, म्हणजे उत्पन्नाच्या मानाने खर्चाची, तुलना कशाची झाली? दर कर्मचाऱ्यामागे व्यवसाय काढताना कंत्राटी आणि बाहेरच्या एजन्सीकडून घेतलेली माणसं छेदात धरली की नाही, हे कुणी विचारत नाही.

एनपीएचं, म्हणजे थकलेल्या कर्जांचं, तर विचारू नका. थकलेलं कर्ज एनपीए कधी धरायचं? उद्योगाच्या कर्जाला ९० दिवसांचा नियम. पीककर्जाला हंगामाचा: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून जास्त मुदतीच्या पिकाला एक. म्हणजे सातपूरच्या शाखेची थकबाकी ज्या वेगाने उघडी पडते, त्या वेगाने निफाडची पडत नाही. त्यात एखाद्या शाखेने गेल्या वर्षी कर्ज भराभर वाटलं असेल तर छेद फुगलेला असतो आणि टक्का आपोआप गोंडस दिसतो; ते कर्ज अजून बिघडायच्या वयालाच आलेलं नसतं. बुडीत खाती वहीतून काढली तरी टक्का सुधारतो, वसुली एका रुपयाची नसली तरी. मार्च एंडला आकडा फुगवायला आणलेल्या ठेवींबद्दल तुम्हाला मी काय सांगू! ३१ मार्चच्या आकड्यावर शाखांची तुलना करू नका, वर्षभराची सरासरी शिल्लक घ्या. एवढ्या एका बदलाने क्रमवारी कशी हलते ते बघाच.

हे रेशो टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. कुठे बघायचं ते ते सांगतात. पण बघायला उठून जावं लागतं.

ही पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली गेली त्या झेरॉक्स कंपनीचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला खरा भाग गाळून. १९७९ च्या सुमाराला झेरॉक्सच्या लक्षात आलं की आपल्याला एक कॉपियर बनवायला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढ्या किमतीला जपानी कंपन्या तो विकतायत. त्यांनी प्रतिस्पर्ध्यांची यंत्रं खोलून भागांचा खर्च तपासला, जपानमधल्या फुजी झेरॉक्स या आपल्याच भागीदार कंपनीची कामाची पद्धत अभ्यासली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग मला जास्त आवडतो. गोदामातून सुटे भाग काढून पाठवायचं त्यांचं काम हळू होतं. त्यासाठी ते कॉपियरवाल्या कुणाकडे गेले नाहीत. ते गेले अमेरिकेतल्या मेन राज्यात, एल. एल. बीन नावाच्या दुकानाकडे, जे टपालाने बूट आणि जंगलात फिरायचे कपडे विकत असे. कारण लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू हाताने निवडून पेटीत भरायचं काम तिथे अतिशय चांगलं चालायचं. धंदा वेगळा, काम तेच.

खरं तर हे समजायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. दिंडोरी-निफाडचा कुठलाही द्राक्षबागायतदार हे करतो. शेजाऱ्याच्या बागेत एकरी माल जास्त निघाला हे कळल्यावर तो घरी बसून टनांचा तक्ता करत नाही. तो बागेत जातो. खरड छाटणी कधी केली, वेलीवर काड्या किती ठेवल्या, घड किती राखले, विरळणी केव्हा केली, जीएचं (मणी फुगवायच्या संजीवकाचं) डिपिंग कोणत्या अवस्थेत दिलं, पाणी कधी तोडलं, असं एकेक विचारतो. मणी हातात घेऊन बघतो. मग आपल्या बागेत सगळीकडे न करता चार ओळींवर करून बघतो. पुढच्या हंगामात पुन्हा पाहणी. कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात याहून चांगलं बेंचमार्किंग मी पाहिलेलं नाही, आणि कुणी त्याला ते नावही देत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय तो अनुभव. मी विभागीय कार्यालयात असताना केसीसी (शेतकऱ्यांचं किसान क्रेडिट कार्ड) नूतनीकरणाला किती दिवस लागतात याची शाखावार यादी दर महिन्याला निघायची. निफाड तालुक्यातली एक शाखा कायम वर, सात दिवसांच्या आत. दिंडोरी तालुक्यातली एक कायम तळाला, वीसच्या पुढे. तळाच्या मॅनेजरकडून दोनदा लेखी खुलासा मागवला गेला. त्यातल्या एका पत्रावर सही माझीच आहे. एकदा दुसऱ्याच कामासाठी मी त्या वरच्या शाखेत गेलो होतो. दारातच एका शेतकऱ्याने गाठलं. ‘साहेब, पाचवी चक्कर आहे माझी. गोडी छाटणी तोंडावर आली. आज तरी अर्ज घेतील का?’

पाचवी चक्कर, आणि शाखा सात दिवसांवाली. मी बॅग ठेवली आणि ग्राहकांच्या बाकावर बसलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही दिवशी. कुणाला काही विचारलं नाही, नुसतं ऐकलं. एकाला सांगितलं, सातबारा जुना आहे, नवीन आण. तो घेऊन आला तेव्हा सांगितलं, आठ-अ पण लागेल. तिसऱ्यांदा आला तेव्हा ना-देय दाखला, म्हणजे तिथलं काही देणं नाही याचा कागद, तोही सोसायटीचा वेगळा आणि शेजारच्या बँकेचा वेगळा. मग पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीची आणि बोजाची तपासणी. हे सगळं जमलं की अर्ज सिस्टीममध्ये चढायचा, आणि तिथून सात दिवसांत खरोखरच नूतनीकरण व्हायचं. यादीतला आकडा खोटा नव्हता. घड्याळ उशिरा सुरू होत होतं.

मग दिंडोरीच्या शाखेत गेलो. माणूस दारात आला त्या दिवशीच तो मॅनेजर अर्ज नोंदवायचा, कागद पुरे असोत-नसोत. म्हणून त्याचे दिवस जास्त दिसायचे. दोन्हीकडे पहिल्या भेटीपासून मोजलं तेव्हा क्रम उलटा झाला. ज्याच्याकडून आम्ही खुलासे मागवत होतो तोच जिल्ह्यातल्या चांगल्या कामाचा नमुना निघाला. मी त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, ‘साहेब, माफीचं राहू द्या, तेवढं पत्र सर्व्हिस फाईलमधून काढता आलं तर बघा.’

तो काय वेगळं करत होता? फार मोठं काही नाही. लागणाऱ्या कागदांची एक पानाची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात. पहिल्याच भेटीत हातात द्यायची आणि ज्या कागदाची गरज नाही त्यावर तिथेच काट मारायची. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळायला लागल्यावर तो शेतकऱ्याला तलाठ्याकडे पाठवायचाच नाही, शाखेतच काढून घ्यायचा. ना-देय दाखला मागायचं त्याने बंद केलं होतं. ग्रामीण आणि निमशहरी भागात वैयक्तिक कर्जदारांकडून या दाखल्याचा आग्रह धरू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच सांगितलं होतं. आमच्या बाकीच्या शाखांनी ते सर्क्युलर फाईलला लावून ठेवलं होतं. आणि चौथी गोष्ट सर्च रिपोर्टची. जुनं गहाणखत चालू असेल आणि सातबाऱ्यावर नवा फेरफार पडलेला नसेल तर तो दरवेळी ताजा सर्च मागवत नसे, मंजुरीच्या अटींतही तो नव्हताच. वरच्या शाखेत मात्र मागवायचे. का, तर फार वर्षांपूर्वी एका इन्स्पेक्शनमध्ये एका फाईलवर शेरा आला होता, आणि तेव्हाच्या मॅनेजरने तोंडी नियम करून टाकला होता: सगळ्यांचाच सर्च घ्या. मॅनेजर बदलले, शेऱ्याची पूर्तता झाली, नियम तसाच राहिला. बँकेतल्या दिरंगाईचं मूळ शोधत गेलात तर निम्म्या वेळा असा एखादा जुना शेरा सापडेल.

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ म्हणतात तसं आमचं झालं होतं. चार बँकांचे वार्षिक अहवाल चाळत होतो आणि उत्तर आपल्याच विभागात, तेही यादीच्या तळाशी. म्हणून सुरुवात नेहमी आपल्या शाखांपासून करा. सॉफ्टवेअर एक, नियम एक, पगार एक. तरीही फरक पडतोय तर तो कामाच्या रीतीतच असणार. शिवाय माहिती मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातून आम्ही दोन गोष्टी कायमच्या केल्या. एक, प्रत्येक कामाला दोन घड्याळं: ग्राहकाचं आणि बँकेचं. ग्राहकाचं पहिल्या भेटीला सुरू होतं आणि पैसे हातात पडले की थांबतं. बँकेचं अर्ज नोंदल्यापासून मंजुरीपर्यंत. दोन्हींतलं अंतर हीच खरी शिकारीची जागा. पहिल्या भेटीची नोंद सिस्टीम घेत नव्हती, तर काउंटरवर शंभर पानी वही ठेवली. दोन, सरासरी बंद. समजा दहा अर्जांपैकी नऊ चार दिवसांत झाले आणि एकाला साठ लागले, तर सरासरी येते ९.६ दिवस. पण दहा दिवस थांबलेला माणूस त्या दहांत एकही नाही! आम्ही दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा आणि शेवटून दुसरा आकडा लिहायला लागलो, आणि जो शेवटचा, त्याची फाईल मीटिंगमध्ये टेबलावर. एक फाईल उघडून वाचली की अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं स्लाइडांच्या गठ्ठ्यातून कळत नाही.

आणखी एक, आणि हे मी आग्रहाने सांगतो. दुसऱ्या शाखेची रीत बघायला मॅनेजरला पाठवू नका. आम्ही आधी तेच केलं. मॅनेजर मॅनेजरच्या केबिनमध्ये बसला, चहा-नाश्ता झाला, शाल-श्रीफळाचा फोटो ग्रुपवर आला. नंतर निफाडचा कृषी अधिकारी आणि फाईल हाताळणारी क्लार्क, अशा दोघांना दोन दिवसांसाठी दिंडोरीला पाठवलं. ती क्लार्क परत येऊन म्हणाली, ‘ते कागद तपासतात त्याचा क्रमच वेगळा आहे. आपण आधी फॉर्म भरून घेतो, मग सातबारा बघतो. ते आधी सातबारा बघतात.’ नावात फरक, सामाईक खातं, वारसनोंद बाकी, असल्या अडचणी फॉर्मच्या आधीच दिसत होत्या. हे मॅनेजरला दिसलं नसतं, मलाही दिसलं नव्हतं. जो हाताने काम करतो त्यालाच दुसऱ्याच्या हाताचा फरक कळतो.

फसलेला प्रयोगही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही फार शहाणे होतो. कॉलेज रोडवरच्या एका खासगी बँकेच्या शाखेत टोकन मशीन बघितलं. शांतता, एसी, नंबर पुकारला जातो, कुणी रांगेत नाही. आम्ही तसंच मशीन पंचवटीच्या आमच्या शाखेत बसवलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळी आली. टोकन घेतलं आणि पूर्वीसारखीच काउंटरपाशी उभी राहिली. प्रत्येकाला पासबुक भरून हवं होतं, प्रिंटर एकच, तोही रुसणारा. त्या खासगी शाखेत पासबुक घेऊन कुणी येतच नव्हतं, म्हणून तिथे शांतता होती, मशीनमुळे नव्हती. आम्ही वस्तू आणली, कारण बघितलंच नाही. पुढे दुसरा प्रिंटर आणला तेव्हा गर्दी ओसरली. टोकन मशीनवर नंतर बरेच दिवस कॅलेंडर लटकत होतं.

बँकेबाहेर बघायचं झालं तर नाशिकमध्ये जागा कमी नाहीत. पासपोर्ट सेवा केंद्रात कधी बारकाईने बसलात का? कागद अपुरे असतील तर ते सुरुवातीलाच कळतं. पुढे ए, बी, सी अशा टप्प्यांत काम जातं आणि कुठल्या टप्प्यावर कोण थांबलंय ते पडद्यावर दिसतं. केवायसी आणि कर्जाच्या कागदपत्रांसाठी यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. किंवा द्राक्षाच्या एखाद्या पॅकहाउसला जा, जानेवारी ते मार्च या दिवसांत. माल आत घेतानाच मण्यांचा आकार, साखर, रंग तपासतात. खराब घड पेटीपर्यंत पोचू देत नाहीत, कारण पेटी भरल्यावर तो काढणं महागात पडतं. आपल्याकडे कर्जाची फाईल शाखेतून प्रोसेसिंग सेंटरला जाते, तिथून त्रुटी काढून परत येते, पुन्हा जाते. एखादी फाईल किती वेळा परत आली हे मोजून बघा. माझ्या मते कर्जविभागाचा सर्वांत बोलका आकडा तोच, आणि तो तुमच्या चौदा रेशोंत नाही.

नियमाने ठरवलेल्या मुदतींना बेंचमार्क समजायची चूक मात्र करू नका. कर्ज फिटल्यावर स्थावर-जंगम मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, नाहीतर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून कापले गेले तर व्यवहारानंतर पाच दिवसांत परत, पुढे दर दिवसाला १०० रुपये. मयत खातेदाराचा दावा १५ दिवसांत. ही तळाची पायरी झाली, याखाली गेलात तर दंड. ‘आम्ही १५ दिवसांच्या आत आहोत’ म्हणून मीटिंगमध्ये पाठ थोपटून घेणारे मी पाहिलेत. नॉमिनी नोंदलेला, मृत्यूचा दाखला हातात, ओळख पटलेली. अशा दाव्याला मुळात काम असतं किती? तुमच्याच एखाद्या शाखेत तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होत असेल. ती शाखा शोधा. पहिला विषय म्हणून मी मयत दाव्यांचीच शिफारस करेन. संख्या कमी असते म्हणून प्रत्येक फाईल बघता येते, शाखाशाखांत फरक प्रचंड असतो, आणि समोर जो माणूस बसलेला असतो त्याला चकरा मारायला लावणं फार वाईट दिसतं.

बाहेरच्या बँकांची माहिती कुठून मिळवायची, हाही तुमचा प्रश्न होता. प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर बासेलच्या, म्हणजे बँकांच्या भांडवलाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय, नियमानुसार पिलर-३ चे खुलासे असतात. भांडवल आणि जोखमीसाठी ते वार्षिक अहवालापेक्षा उपयोगी. रिझर्व्ह बँक बँकनिहाय सांख्यिकी तक्ते दरवर्षी काढते, आणि ठेवी-कर्जांची जिल्हावार आकडेवारी तिमाहीला. सरकारी बँकांसाठी २०१८ पासून ‘ईझ’ हा सुधारणा कार्यक्रम आहे, त्यात बँकांना गुण मिळतात; मात्र ते बँकेच्या पातळीवरचे, तुमच्या विभागाला त्यातून विषय मिळतील, उत्तरं नाहीत. जिल्ह्यासाठी सर्वांत हाताशी असलेली आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे जिल्हास्तरीय बँकर्स समितीची पुस्तिका. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालते ती अग्रणी बँक; नाशिकमध्ये ती बँक ऑफ महाराष्ट्र आहे. बैठकीच्या टिपणात प्रत्येक बँकेचा सीडी रेशो (ठेवींच्या मानाने कर्जं किती), पीककर्जाचं उद्दिष्ट आणि वाटप, योजनांचे प्रलंबित अर्ज असं सगळं असतं. आपले लोक त्यातली फक्त आपली ओळ वाचतात. ही अग्रणी बँकेची कल्पना ज्यांच्या अभ्यासगटाच्या १९६९ च्या अहवालातून आली, ते धनंजयराव गाडगीळ जन्मले नाशिकमध्येच, १९०१ साली. जिल्हा हे एकक धरून बँकांचं काम शेजारी ठेवून बघायचं, हे त्या योजनेच्या मुळातच आहे.

दुसऱ्या बँकेतल्या मित्राकडे जाऊन रीत जरूर विचारा, बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. पण व्याजदर किंवा शुल्क पुढे काय ठेवणार आहात, असलं काही विचारूही नका, सांगूही नका. स्पर्धा कायद्यात ते बसत नाही. आणि ग्राहकाचं नाव असलेला एकही कागद हातातून जाता कामा नये. यादीचा नमुना, टप्प्यांचा क्रम, कुणाला किती अधिकार, एवढ्यावर बोला.

आता ‘सतत’ या शब्दाकडे येतो. तक्ता दर तिमाहीला निघतो म्हणून ते सतत होत नाही. तुलनेची खूणच हलत असते, म्हणून पुन्हा पुन्हा बघावं लागतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली ते अनेकांना आठवत असेल. तोवर बागायतदार फुगवण, रंग, गोडी यांवर एकमेकांशी तुलना करत होते, आणि त्यात चांगलेच होते. समोरच्याने अचानक भलतंच काही तपासलं. त्यानंतर औषधांची नोंदवही आणि काढणीपूर्व दिवसांचा हिशेब हाही पाहणीचा भाग झाला. बँकेत असं सतत होतं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटू लागले. त्याआधी ‘दुसऱ्या दिवशी खात्यात जमा’ ही अभिमानाची गोष्ट होती, आता ती तक्रारीची आहे. ज्या शाखेने क्लिअरिंगच्या जुन्या वेळांवर माणसं नेमली होती, तिचं काम काही बिघडलेलं नसताना एका दिवसात मागे पडलं.

म्हणून माझी पद्धत अशी होती: तिमाहीला एकच काम. दोनही नाहीत. पहिला महिना मोजण्यात, त्यातही पहिले पंधरा दिवस फक्त ‘सुरुवात कुठे, शेवट कुठे’ हे सगळ्या शाखांशी ठरवण्यात जायचे. या वादांत वेळ गेला असं वाटू देऊ नका, काम तिथेच होतं. दुसऱ्या महिन्यात भेटी आणि दोन-तीन शाखांत बदल करून बघणं, बागायतदाराच्या चार ओळींसारखं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा मोजणं. जमलं तर विभागभर, नाही जमलं तर तसं स्पष्ट लिहून ठेवणं. झालेल्या कामाची वर्षाने एकदा अचानक तपासणी, कारण मॅनेजर बदलला की जुनी सवय परत येते. निफाडच्या त्या शाखेत दीड वर्षाने गेलो तर सर्च रिपोर्ट पुन्हा सुरू झालेला होता. नवे साहेब, नवा शेरा.

वरचा दबाव कसा सांभाळायचा, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण पत्राच्या सुरातून कळतं. साहेबांना क्रमवारी आवडते. द्या त्यांना. फक्त खालच्या शाखांना खुलासा मागवायची पद्धत बंद करायला पटवा, कारण ज्या दिवशी आकड्यावरून पत्र जातं त्या दिवसापासून आकडा शाखेच्या सोयीने नोंदला जातो. मग तुमच्याकडे येणारी यादी म्हणजे कोण किती हुशारीने नोंद करतो त्याची यादी. हे मी सही करून शिकलोय.

चौदा रेशोंचा तक्ता बंद करू नका, पण पाच-सहावर आणा आणि शेवटी एक रकाना वाढवा: ‘हे कसं मोजलं’. छेदात कोण, तारीख कोणती, सुरुवात कुठून. पुढच्या आठवड्यात मयत दाव्यांसाठी तो रकाना भरायला घ्या. त्यासाठी तुम्हाला निदान तीन शाखांना फोन करावा लागेल, आणि तिघंही ‘दावा आला’ म्हणजे काय ते तीन वेगळ्या तऱ्हेने सांगतील. ज्याचं उत्तर सर्वांत विचित्र वाटेल त्या शाखेत आधी जा. केबिनमध्ये बसू नका.